समासातली शंका

ऑफिस हलवताना कपाटातून जुन्या प्रुफांचा गठ्ठा निघाला. दमट कागदाचा कुबट वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

मी पुण्याहून नुकतीच सिंगापूरला आले होते. क्लेमेंटीत भाड्याची खोली आणि प्रकाशन संस्थेतली पहिलीच नोकरी. हातात एका नावाजलेल्या इंग्रज लेखकाची कादंबरी होती, संस्थेचे साहेबही इंग्रजच. कादंबरीत गणपती एप्रिलमध्ये बसले होते. मी समासात शंका लिहिली, पण पेन्सिलीने, अगदी पुसट.

रुकिया आमच्या वरिष्ठ संपादक. मलाय बाई. आम्ही नव्या मुली त्यांना 'काक', म्हणजे ताई, म्हणायचो. त्यांनी पान पाहिलं, खोडरबर उचललं आणि माझी शंका पुसून टाकली.

"बघ, किती सोपं आहे. तूच त्यांची सोय करून ठेवलीस."

"काक, एवढे मोठे लेखक आहेत ते."

"पण गणपती तुझ्या घरी बसतात ना? पेनने लिही, लाह." सिंगापुरी बोलण्यातला हा 'लाह' त्या आग्रहाने जोडायच्या.

मी हिरव्या शाईने लिहिलं. छापील पुस्तकात गणपती सप्टेंबरमध्ये बसले. या बाईंना भीती ठाऊकच नसावी, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गठ्ठ्याच्या तळाशी रुकियांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातलं प्रूफ होतं. वर त्यांची सही, खाली सगळे समास कोरे. खिडकीपाशी नेऊन कागद तिरका धरला तेव्हा अक्षरं दिसली. पेन्सिलीचे नुसते वळ उरले होते, पानोपानी.