पासष्टची चौकट

टेक्ससमधल्या प्लेनो शहरात ज्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते, तिथे टपाल उघडायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. घरमालक काकांचा उजवा हात पक्षाघातानंतर फारसा चालत नाही आणि काकूंना सरकारी लिफाफा दिसला की तो आधी देवापुढे ठेवावासा वाटतो. मला मात्र सरकारी लिफाफा पाहिला की हुरूप येतो. भांडायला काहीतरी आलं, असं वाटतं.

हे वळण लहानपणचं आहे. इचलकरंजीत माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता आणि तिथे मुख्यतः पत्रकं छापली जायची. यंत्रमाग कामगारांची, दारूबंदीवाल्या बायकांची, पाणीपट्टी वाढली की नागरिकांच्या कृती समितीची. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. शाळेत जायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. त्यामुळे आजही कुठलाही कागद हातात आला की यात अन्याय कोण करतंय, हे मी आधी शोधते. बहुतेक वेळा कुणीतरी सापडतंच.

फेब्रुवारीत आलेल्या लिफाफ्यात पहिल्याच ओळीत सापडलं. काकांना गेली नऊ वर्षं दरमहा मिळणारा अपंगत्वाचा लाभ बंद होत आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी जिन्यावरून धावतच खाली आले. काका डाव्या हाताने सुडोकू सोडवत होते, काकू भाजी निवडत होत्या. मी बातमी दिली आणि काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी लगेच लॅपटॉप उघडून निषेधाचं पत्र लिहायला बसले. दोन पानं झाली. ‘आयुष्यभर घाम गाळणाऱ्या श्रमिकाला’ वगैरे सगळं त्यात आलं.

काका म्हणजे नागपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर. इथे येऊन तीस वर्षं एअर कंडिशनिंगच्या कंपनीत होते. स्वतः कधी घाम गाळावा लागू नये म्हणूनच त्यांनी ती लाइन धरली, असं ते सांगतात. त्यांनी माझं पत्र शांतपणे ऐकलं.

“कॉम्रेड, दुसरं पान वाचलं का?”

“कशाचं?”

“त्यांच्या पत्राचं.”

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की तुम्ही निवृत्तीचं पूर्ण वय गाठल्यामुळे तेवढीच रक्कम त्याच महिन्यापासून निवृत्तीचा लाभ म्हणून मिळेल, तुम्हाला काहीही करायची गरज नाही.

“काहून घाबरवते मग सकाळी सकाळी,” काका म्हणाले आणि पुन्हा सुडोकूत घुसले. काकूंनी मेथी निवडून संपवली. मी श्रमिक डिलीट केला.

‘तुम्हाला काहीही करायची गरज नाही’ हे खरं होतं, पण लाभ देणाऱ्या त्या एका ऑफिसपुरतं. मार्चमध्ये दुसरा लिफाफा आला, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसातून. हे लोक घरांच्या किमती ठरवतात आणि घरपट्टीतली सवलतही तेच देतात. या वेळी मी शेवटचं पान आधी वाचलं. तुमच्या घराच्या करावर अपंगत्वामुळे सूट आहे, ती पुढे कोणत्या आधारावर हवी ते कळवा, असं त्यांनी विचारलं होतं. सोबत फॉर्म होता आणि त्यात इतर चौकटींबरोबर दोन चौकटी होत्या. एक ‘अपंग व्यक्ती’, दुसरी ‘वय पासष्ट किंवा अधिक’.

यात काय पणाला लागलं होतं ते सांगते. इथे शाळांचा खर्च मुख्यतः घरांवरच्या करातून चालतो आणि तो कर घराच्या किमतीबरोबर वाढतो. काकांना पक्षाघात झाला त्या वर्षी, सूट मिळाल्यावर, त्यांच्या घराचा शाळेचा कर गोठला. पुढच्या नऊ वर्षांत आजूबाजूला कंपन्यांचे मोठाले कॅम्पस आले, घरांच्या किमती चढत गेल्या, पण त्यांचा आकडा जागेवर राहिला. तो होता म्हणून दोघं या घरात होते. तो सुटला तर घर विकून कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला मुलाकडे जावं लागणार होतं. मुलाने तिकडे खोली तयार ठेवलेलीच आहे. तो तिला ‘बॅकअप प्लॅन’ म्हणतो.

काकूंना तो प्लॅन नको होता. “तिथे मी पाहुणी,” त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. “चहा करायचा तरी विचारून करायचा. आणि सूनबाई इतकी चांगली आहे, की तक्रारसुद्धा करता येत नाही.”

तेव्हा फॉर्म भरणं हे दोन मिनिटांचं काम होतं. पासष्टच्या चौकटीत खूण, सही, लायसन्सची कॉपी. मी पेन काकांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

“मी ही खूण नाही करणार.”

“का हो?” काकू म्हणाल्या.

“दुसरी करतो. डिसॅबिलिटीची.”

“पण तो लाभ बदलला, काका,” मी म्हणाले. “आता तुम्हाला पुन्हा डॉक्टरचे कागद गोळा करावे लागतील. पासष्टला नुसती जन्मतारीख पुरते.”

“हे बघ. डिसॅबिलिटी बरी होऊ शकते. म्हातारपण बरं झालेला माणूस पाहिला का तू?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही नऊ वर्षं काका मनातल्या मनात मेडिकल लीव्हवर होते. हात सुधारला की परत जायचं, असं त्यांनी ठरवलेलं होतं. बाहेर ते कुणाला बोलले नव्हते. लाभ चालू असताना थोडंसं काम केलं आणि त्यात काही चुकलं तर सगळंच जाईल या भीतीने त्यांनी साधी शिकवणीही घेतली नव्हती. ते थांबले होते. आणि आता सरकार त्यांच्याकडून सहीनिशी लिहून मागत होतं की थांबण्यासारखं काही उरलेलं नाही.

हे मला कळलं, पण माझ्यात मुरलेलं पत्रक गप्प बसेना. मी भाषण दिलं. ही सूट म्हणजे दया नाही, हक्क आहे. हा हक्क मागायला माणसं लाजतात म्हणूनच ज्यांना गरज नसते ते सगळ्या सवलती घेऊन जातात. लाज ही गरिबांवर लादलेली पट्टी आहे, घरपट्टीहून जुनी.

“बोलते चांगली,” काका काकूंना म्हणाले. “हिला निवडणुकीला उभी करू.”

“आधी ग्रीन कार्ड मिळू दे तिला,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही विषय बदलू नका.”

शेवटी काकांनी तडजोड काढली, पण आम्हाला न सांगता. त्यांनी दोन्ही चौकटींत खूण केली. शिवाय आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांचा अनुभव जमेला धरून त्यांनी एक जाडजूड फाइल तयार केली. लायसन्स, पासपोर्ट, नागरिकत्वाचा दाखला, जुने मेडिकल रिपोर्ट, नागपूरच्या कॉलेजचं पदवी प्रमाणपत्र. प्रत्येक पानावर डाव्या हाताची वाकडी सही आणि ‘ट्रू कॉपी’. वर पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. काकूंना वाटलं फॉर्म गेला, काम झालं. मलाही तेच वाटलं. मी त्या आठवड्यात फार विजयी मुद्रेने वावरत होते.

एप्रिलमध्ये फाइल परत आली. फोटो वेगळ्या छोट्या पाकिटात, क्लिप लावून, फार जपून परत पाठवले होते. सोबत चिठ्ठी होती की दोन्ही सवलती एकत्र मिळत नाहीत, कृपया एकच निवडा. त्याच आठवड्यात घराच्या नव्या किमतीची नोटीस आली आणि तिच्यात सवलतीच्या रकान्यात काहीच नव्हतं. अंदाजे कर किती होईल तेही खाली छापलं होतं. काकूंनी तो आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. स्पीकरवर होता. “आई, just move here यार. Room is ready. बाबांना पण बरं पडेल, weather छान आहे.”

“बघू,” काकू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या काकांकडे वळल्या. नऊ वर्षं त्यांना जेवू घालणारी, त्यांचा हात चोळून देणारी ही बाई आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. “तुम्ही म्हातारे व्हा, नाहीतर नका होऊ. माझं काही म्हणणं नाही. पण मला माझा ओटा सोडायचा नाही.”

काकांनी नोटिशीची घडी घालून ती फाइलमध्ये ठेवली. मग मला म्हणाले, “उद्या सुट्टी घे. जाऊ त्यांच्या ऑफिसात.”

दुसऱ्या दिवशी हायवेवर मी ड्राइव्ह करत होते आणि काका टाय लावून शेजारी बसले होते. टाय काकूंनी बांधून दिला होता. काकू मागे, मांडीवर फाइल. मी मनात मुद्दे जुळवत होते. काउंटरवरचा माणूस उद्धट असणार, हे मी गृहीत धरलं होतं. एका उद्धट माणसाला पुरतील एवढी वाक्यं माझ्याकडे तयार होती.

काउंटरवर बाई होत्या. पांढरे केस, गळ्यात साखळीला चष्मा, काउंटरच्या कडेला अडकवलेली काठी. त्यांनी फाइल पाहिली आणि म्हणाल्या, “अच्छा, फोटोवाले तुम्हीच. छान आले आहेत.” माझी वाक्यं वाया गेली.

काकांनी हळूहळू, शब्द जुळवत इंग्रजीत विचारलं, “दोन्हीत फरक काय?”

“करात तुम्हाला काही फरक पडणार नाही,” बाई म्हणाल्या. “गोठलेला आकडा आहे तिथेच राहील. फक्त पासष्टला पुरावा सोपा.”

“पासष्ट म्हणजे काम संपलं.”

“कोण म्हणतं?” बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मी एकाहत्तर वर्षांची आहे. माझ्या घरावर हीच सूट आहे. निवृत्तीचे पैसे घेते आणि रोज सकाळी आठला इथे हजर असते.”

काका थोडे पुढे झुकले. “पगार मिळतो म्हणून ते पैसे कापत नाहीत?”

“निवृत्तीचं पूर्ण वय झाल्यावर नाही. तुमचं झालंय ना?” मग त्यांनी हात वर केला. “पण माझ्या भरवशावर राहू नका. मी कराची बाई. लाभाचं त्या ऑफिसला विचारा.”

आम्ही तिथेच खुर्च्यांवर बसून फोन लावला. होल्डवरचं संगीत इतका वेळ चाललं की काकूंनी पर्समधून चिवडा काढून तिघांत वाटला. अखेर पलीकडे माणूस आला आणि काकांनी एकच प्रश्न दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत विचारला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. अपंगत्वाच्या लाभावर असताना कमाईला मर्यादा होती. निवृत्तीचं पूर्ण वय झाल्यावर ती मर्यादा नाही. काम करा, हवं तितकं करा.

मी खरं तर थक्क झाले होते. हे सगळं त्यांनी पाठवलेल्या कागदांत असणारच. घरात सगळ्यांत जास्त वाचणारी मी, आणि मी त्यांत शत्रू शोधला, नियम शोधला नाही. लाज वाटली, पण काकांचा चेहरा पाहून ती फार टिकली नाही.

ते उठले, एकटेच काउंटरपर्यंत गेले, नवा फॉर्म मागितला आणि उभ्या उभ्या पासष्टच्या चौकटीत खूण केली. डाव्या हाताची ती खूण चौकटीबाहेर चांगली बोटभर गेली. बाईंनी शिक्का मारला.

“पुरावा अजून काही?” काकांनी फाइल पुढे केली.

“नको,” बाई घाईने म्हणाल्या. “लायसन्स पुरे.”

मेच्या शेवटी मंजुरीचं पत्र आलं. आकडा जुनाच होता. काकूंनी मुलाला फोन करून सांगितलं की खोलीत त्याने खुशाल जिमचं सामान ठेवावं, आम्ही दिवाळीला दोन आठवडे सोफ्यावर झोपू. तो म्हणाला, “You sure, आई?” त्या म्हणाल्या, “शुअर.”

मी मात्र स्वस्थ बसू शकले नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळात अशी कितीतरी काका-काकू मंडळी आहेत, ज्यांना वाटतं की लाभाचं नाव बदललं की बाकीचं आपोआप होतं. म्हणून मी मराठीत एक पानभर पत्रक काढलं. पहिल्या मसुद्यात सहा विशेषणं एका वाक्यात होती. काकांनी ती एकेक करून खोडली आणि म्हणाले, यंत्राच्या मॅन्युअलमध्ये यंत्राला शिव्या देत नाहीत. उरलं ते एवढंच: लाभ बदलला की काउंटीला वेगळं कळवा. एकच चौकट भरा. अर्जाला फी नाही, कुणी मागितली तर देऊ नका. फोटो लागत नाहीत. मंडळाच्या पुढच्या जेवणात आम्ही ते वाटलं. निवृत्त डॉक्टर असलेले एक काका पत्रकाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, “मित्रासाठी नेतोय.” असे मित्रासाठी नेणारे त्या दिवशी बरेच निघाले.

काकांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आता त्यांच्या जुन्या कंपनीत मॅनेजर आहे. काकांनी त्याला स्वतः फोन केला. आता ते मंगळवारी आणि गुरुवारी त्याच्या ज्युनिअर लोकांची ड्रॉइंग्ज तपासतात, घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण उजेड तिथे चांगला येतो. चुका लाल पेनने गोल करतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. “हे बघा, हवेचा डक्ट चक्क भिंतीतून नेला. कुठे शिकले हे?”

“मला कणीक मळायची आहे,” काकू म्हणतात. “उचला ते कागद.”

“दहा मिनिटं. ऑफिसचं काम आहे.”

काकू माझ्याकडे बघतात, परात उचलतात आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कणीक मळायला लागतात.