नामदेवचा डावा पाय

नामदेव गेल्याचं मला तेरवी उरकल्यावर कळलं. त्याच्या घरून कुणी कळवलं नाही, आणि याचं मला नवलही वाटलं नाही. चौदा वर्षांपूर्वी त्याला वाद्यवृंदातून मीच घालवला होता.

सत्तरच्या सुमाराला सदर भागातल्या एका हॉलात आमच्या तालमी चालत. वीसेक व्हायोलिनं, दोन चेलो आणि या सगळ्याचा कर्ताकरविता मी. नामदेव काटोलचा. त्याचा बाप गावच्या दंडारीत नाचायचा. रिंगण धरून, पाय आपटत. त्या नाचाची चाल नामदेवनं मला व्हायोलिनवर ऐकवली; मी ती वृंदासाठी बसवली आणि वर स्वतःचं नाव घातलं. चालीत एका जागी सगळे गज थांबतात, नाचात तिथे नुसता पाय पडतो. मी कागदावर ती मात्रा मोकळी सोडली. नामदेवचा डावा पाय मात्र तिथे पडायचाच, धप्पकन.

"पाय आवरा. हा गावचा चौक नाही," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

"पाय थांबला त मले पुढची जागा सापडत नाही, भाऊ."

मी खिशातला रुमाल काढला आणि त्याचा पाय खुर्चीला बांधला. सगळे हसले... सगळ्यांत आधी मीच.

कार्यक्रमातही त्याचा पाय तसाच बांधलेला होता. ती जागा आली. सगळे गज थांबले आणि त्या शांततेत नामदेव एकटाच, अर्धी मात्रा आधी वाजला. लोक हसले. पडदा पडताच मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नका. काटोलला जाऊन संत्री विका." त्यानं वाकून गाठ सोडली, रुमाल झटकून माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. पुढे ती रचना आम्ही कितीदा तरी बिनचूक वाजवली, पण नाच तिच्यात एकदाही आला नाही. तो कुणाच्या पायात होता हे मला ठाऊक होतं. पण त्याला बोलवायचं म्हणजे आपली चूक कबूल करायची!

परवा नंदनवन वस्तीत त्याच्या घरी गेलो. वहिनींनी खिडकीजवळचं स्टूल दाखवलं.

"रोज सकायी इथंच वाजवत, पाय बांधून. मी म्हणायची, काहून बांधता जी? त म्हणत, आता चुकत नाही. भाऊ बलावतीन तवा तयार पाहिजे."

स्टुलाच्या पायाला माझा रुमाल होता. धुऊन धुऊन विरलेला.

"तुमचाच हाये न? घेऊन जा जी."

या वेळी नाही म्हणायची सोय नव्हती. गाठ सोडायला मी खाली वाकलो.