मनोरीच्या विहिरीचं पाणी
कोकम सरबताचा ग्लास कुणी पुढे केला की माझं डोकं आजही फिरतं. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं आमचं द्रावण अगदी त्याच रंगाचं होतं, आणि पाण्यात पारा असला की ते निळं पडायचं. पार्ल्याच्या कॉलेजात त्या सकाळी बक्षीस ठरवायला येणाऱ्या पाहुण्यांना हा पारा ओळखणारा सेन्सर दाखवायचा होता. शुद्ध पाण्याचा नमुना म्हणून माझ्या मैत्रिणीने मनोरीहून घरच्या विहिरीचं पाणी मोठ्या कौतुकाने बाटलीत भरून आणलं होतं. आधी करून बघावं म्हणून मी त्याचे थेंब टाकले, तर लाल द्रावण बघता बघता निळं झालं. नव्या नळीत केलं, तरी निळंच. "सर, आई याच पाण्यात भात शिजवते," ती म्हणाली. "अगं, नंतर बघू ना! पाहुणे जिना चढतायत," म्हणत सरांनी लाल द्रावणाच्या ताज्या नळीत कूलरचं पाणी घातलं; वर चिठ्ठी मात्र तिने लिहिलेली मनोरीचीच लावली. पाहुण्यांनी विचारलं, "म्हणजे मनोरीचं पाणी सेफ?" सर हसले, "एकदम झकास!" टाळ्या वाजत होत्या आणि ती भिंतीकडे तोंड करून फोनवर ओरडत होती, "आई, भात ओतून दे! सगळा ओतून दे!" दुपारी उरलेलं पाणी मोठ्या यंत्रावर तपासायला न्यावं म्हणून गेले, तर बाटली विसळून बेसिनपाशी उपडी घातलेली. आमच्या सेन्सरला बक्षीस मिळालं. त्याचा फोटो कॉलेजच्या जिन्यात अजून निर्लज्जासारखा लटकतोय: लालचुटुक नळी, आत कूलरचं पाणी, आणि वर माझ्या मैत्रिणीच्या अक्षरात, 'मनोरी, आमची विहीर'.