आईनं सोडलेली पेन्शन

माझे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. इराकात बसऱ्याकडे कुठंतरी गेले, एवढंच घरात माहीत होतं. प्रेत आलं नाही. सरकारी कागद आला आणि पुढं आईला पेन्शन सुरू झाली. इंदापूरजवळच्या आमच्या गावात तिला सगळे पेन्शनवालीच म्हणत.

ती पेन्शन आणायला इंदापूरच्या कचेरीत जायची, तेव्हा मी तिचा पदर धरून उभी असे. कारकून दर खेपेला विचारी, "पाट लावला नाही ना, बाई?" आई खाली बघून म्हणायची, "न्हाय जी." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते चालत असे, पण ते केलं की सरकार पेन्शन बंद करी. मला मात्र कितीतरी वर्षं पाट म्हणजे चोरीसारखंच काहीतरी वाटत होतं.

पुढं मला बारामतीला दिलं. एका हिवाळ्यात मला हिवताप जडला, तसं सासूनं आईला बोलावून घेतलं. आई तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. बाजाराच्या दिवशी पणदऱ्याचा एक बागायतदार आमच्या दारावर भाजी घेऊन यायचा. कालव्याच्या पाण्यावर त्याची वांगी-मेथी पिकायची. त्याची बायको मागंच गेली होती, एकुलती मुलगी सासरी नांदत होती. माझी सासू त्याच्याशी भावावरून घासाघीस करायची. आई आल्यापासून भाजी ती घेऊ लागली आणि तो म्हणेल त्या भावानं घेऊ लागली.

एक दिवस सासू म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या हातनं भाजी घेतली तर माझं घर बुडंल."

आईचे कान लाल झाले. ते सासूनं बरोबर टिपलं. पुढच्या बाजाराला तिनं त्या माणसाला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि आडपडदा न ठेवता आईशी पाट लावण्याबद्दल विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझी ना न्हाय. पन त्यांची पेन्शन जाईल. माझ्या मळ्यात तेवढा आधार न्हाय, ह्ये आदी त्यांना सांगा."

दुपारी आई माझ्या उशाशी येऊन बसली. मी विचारलं, "तुझ्या मनात काय हाय?"

"त्यो माझ्याकडं बघून बोलतो," ती म्हणाली. "बाकी समदी इतकी वर्सं पेन्शनकडं बघून बोलली."

मी तिचा हात धरला. आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

मी बरी झाल्यावर तिच्याबरोबर गावी गेले. घर सांभाळणाऱ्या माझ्या चुलत्यांनी ऐकून घेतलं आणि ते हळूच म्हणाले, "वहिनी, पाट लावा, मी आडवा येत न्हाय. पन कचेरीत सांगू नगा. कोन बघाया येतंय?"

"तितं उभं ऱ्हाऊन मी खोटं बोलायची न्हाय," आई म्हणाली. "त्यांच्या जिवाची पेन्शन हाय ती."

चुलते उठून गोठ्यात गेले.

इंदापूरला आम्ही दोघीच गेलो. कारकून आता म्हातारा झाला होता. त्यानं नेहमीसारखं विचारलं. आईनं या वेळी मान वर केली. "अजून न्हाय. येत्या सोमवारी लावनार हाय."

त्यानं लेखणी खाली ठेवली. "मग ही शेवटची. आजवरची तुमच्या हक्काची आहे, घेऊन जा." आईनं अंगठा दिला. निघताना तो म्हणाला, "बाई, सुखी राहा." कचेरीत तिच्याशी असं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

ती पेन्शन घेऊन आई थेट बाजारात गेली. तांदूळ घेतले, गूळ घेतला. म्हणाली, "त्यांची माती झाली न्हाय, का त्यांच्या नावानं कुनी जेवलं न्हाय. येवढं करून मग जाते."

जेवणाच्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी थांबली. पणदऱ्याचा तो माणूस होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कुणाकडून तरी कळलं म्हणून गाडीभर वांगी आणि कोथिंबीर घेऊन आला होता. आत न येता चुलत्यांना म्हणाला, "ह्ये जेवनाला ऱ्हाऊ द्या. मी निघतो."

चुलते पुढं झाले. मग त्यांनी स्वतः बैल सोडले. "जेवल्याशिवाय जायचं न्हाय, पावनं," ते म्हणाले.

वडिलांच्या नावाचं पान वाढलं, तेव्हा आई चुलीपुढं बसून मोकळं रडली. मी तिला तसं रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर दोघं पुरुष शेजारी बसून जेवले आणि कालव्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत राहिले.

सोमवारी पणदऱ्यात पाट लागला. माझ्या सासूनं आईला हिरव्या बांगड्या भरल्या. पुढं आई बाजाराच्या दिवशी त्याच्याबरोबर गाडीत बसून बारामतीला यायची. उन्हानं रापली होती, हात खरखरीत झाले होते. आमच्या ओट्यावर बसून ती वांगी निवडायची आणि सासू तिच्याशीच भावावरून भांडायची. आता आई एक पैसाही सोडत नसे.