काटेरी वांग्याचे तात्या

तात्यांचा हात जिभेच्या आधी चालायचा. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले हे माझे चुलते चारी बाजूंनी ऊस असलेल्या रानात दोन गुंठे फक्त काटेरी वांगं लावायचे. कृष्णाकाठच्या आमच्या गावात ते वांगं दुसऱ्या कुणी लावत नव्हतं, आणि त्याच्यासाठी तात्या कुणाच्याही अंगावर जात.

सांगलीत विश्रामबागेला रस्त्याकडेला वांग्यांची पाटी घेऊन बसलेले असताना एका गिऱ्हाइकानं "काटे फार आहेत हो" म्हणून नाक मुरडलं. तात्यांनी वांगं त्याच्या मुठीत कोंबलं आणि वरून मूठ दाबली. रक्त आलं. "आता चव कळंल," म्हणाले.

घरात रोज तेच कालवण. तात्या म्हणायचे, "बी डब्यात जगत न्हाई रं. कुणीतरी इकत घेऊन खाल्लं, तरच फुडच्या साली लावू वाटतं." एकदा मी बाजारातून बिनकाट्याची वांगी आणली. तात्यांनी पिशवी म्हशीपुढं ओतली आणि पोरांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. मी चाळिशी ओलांडली होती.

त्याच आठवड्यात मी उसात तणनाशक मारलं. वांगी निघेपर्यंत फवारायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. ते औषध उसाला काही करत नाही, वांग्याला जाळतं. वारा वांग्यावर जातोय, हे मला दिसत होतं. घाईत झालं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. घाई नव्हती. राग होता.

चार दिवसांत पानं पिळवटली. बियांसाठी राखलेली फळंसुद्धा सडून गळाली.

"कुणी मारलं औषध?" तात्यांनी विचारलं.

"मारुतीनं," मी म्हणालो. मारुती म्हणजे बांधापलीकडचा गरीब शेतकरी.

तात्यांनी कुदळीचा दांडा काढला. मारुती वाकून पाणी पाजत होता. पहिला फटका पाठीत बसला.

"आवं तात्या, माजा पंप तुमच्याच खोपीत हाय!" तो ओरडला. खरं होतं. मी त्याच्याच पंपानं फवारलं होतं. दुसरा फटका बसला, तिसरा, चौथा. कोपर मोडल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. मी हललो नाही. त्याचा उजवा हात अजून सरळ होत नाही.

त्या मारहाणीपायी तात्या पोलिसांत जाऊन आले, पण पुन्हा लावायला घरात बी उरलं नव्हतं. दोन गुंठ्यांत मी ऊस लावला.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी सांगून टाकलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पंपाचं बोलला तवाच कळलं. पर हात थांबंना, गड्या." मग म्हणाले, "मारुतीच्या बायकोला त्याच साली रोपं दिल्याली. तिच्या दारात जगल्यात. मला मागायला तोंड न्हवतं. बी माग. खरं सांगून माग."

दोन दिवसांनी ते गेले.

तेरावं झाल्यावर मी मारुतीच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यानं डाव्या हातानं दोनदा मारलं. तिसऱ्यांदा त्याला धाप लागली, तो खाली बसला. त्याची बायको झाडांकडं गेली आणि ओटीभर वांगी घेऊन आली.

"कवळी तोडल्यात, भावजी. ह्यातलं बी उगवायचं न्हाई. खायाला दर सोमवारी देईन, इकत. तुमच्या रानात मातूर हे जायचं न्हाई."

मी दर सोमवारी जातो. ती कोवळीच देते.