सत्कारात गेलेलं दीपगृह

सणसरकडून काटेवाडीला येताना उसाच्या आडोशाला एक गाव लागतं. नाव कशाला घ्या, तिथं अजून चहाला जावं लागतं. तर त्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे आणि वाचनालयाला अध्यक्ष आहेत, संभाजीराव. संभाजीरावांनी हयातीत काय वाचलं असेल तर लग्नपत्रिका, आणि तीही स्वतःचं नाव सापडेपर्यंतच. पुस्तकांचं बघायला ज्योत्स्ना होती.

ज्योत्स्ना म्हणजे साहेबराव कंडक्टरची लेक. पगाराच्या दिवशी आळीतल्या इतर घरांत मटण शिजायचं, साहेबरावांच्या पिशवीतून पुस्तक निघायचं. पोरीला वाटायचं, सगळीकडं असंच असतं. ग्रंथपाल झाल्यावर तिला कळलं, गावात पुस्तकाला नव्या सुनेसारखं जपतात: अंगभर खाकी कव्हर, कपाळावर शिक्का आणि दाराला कुलूप.

मे महिन्यात पोरं चिंचेखाली मोबाइलला डोकी लावून बसलेली तिला बघवेनात. पुण्यात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांना फोन करकरून तिनं लहान मुलांची नवी कोरी पुस्तकं जमवली आणि सुट्टीतलं वाचन शिबिर भरवलं. पुस्तकांना कव्हर घातलं नाही, शिक्काही मारला नाही. वरचं रंगीत चित्र झाकलं तर पोरं हात तरी लावतील का? आणि एक नियम केला. आपल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण प्रत्येकानं राखून ठेवायचं. समारोपाला आईबापांसमोर, माइकवर, तिथंच पहिल्यांदा वाचायचं.

पोरं नुसती फुरफुरायला लागली. त्यात म्हशीवाल्या सारजाची स्वरूपा सगळ्यांत पुढं. तिच्या पुस्तकात एक मुलगी वादळात दीपगृहावर एकटी अडकलेली, तेल संपलेलं आणि समोरून जहाज येतंय.

"बाई, दीपगृह म्हंजी काय वं?"

"समुद्रातला हायमास्ट समज."

"मंग आपल्या चौकातल्यावानी बंदच आसंल त्यो!"

पोरं खिदळली. पण स्वरूपा रोज पुस्तक छातीशी धरून बसायची, शेवटच्या प्रकरणाच्या पानांत बोट घालायची आणि बोट काढून घ्यायची. तिकडं सारजा गावभर सांगत हिंडायची, "आमची पोरगी माइकवर वाचणार हाय."

समारोपाच्या सकाळी ज्योत्स्ना शाळेत खुर्च्या मोजून घ्यायला गेली आणि इकडं संभाजीरावांना पाहुण्यांच्या सत्काराची आठवण झाली. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं: हारतुरे नकोत, पुस्तक द्या. पुण्यात आता असंच चालतं म्हणे. आता ऐनवेळी पुस्तकं आणायची कुठनं? मग त्यांना आठवलं, आपण वाचनालयाचे अध्यक्ष आहोत. कपाट उघडलं. खाकीतली जुनी पुस्तकं पाहुण्याला देणं बरं दिसेना. खालच्या फळीवर बघतात तर रंगीत, कोरी, बिनशिक्क्याची चळत! दुपारपर्यंत सगळी चकचकीत पारदर्शक कागदात गुंडाळून, लाल फीत बांधून तयार.

ज्योत्स्नाला कळलं ते स्टेजवर पहिलं पुस्तक दिलं गेलं तेव्हा. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, त्यांचे साडू. टाळ्या पडत होत्या. बारामतीहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या, अप्पासाहेबांच्या हातात कागदातून दीपगृह चमकलं आणि स्वरूपा खुर्चीवर उभी राहिली.

"बाई, त्ये माजं पुस्तक हाय!"

मंडपाला वाटलं, बसवलेलं नाटुकलं आहे. लोकांनी आणखी जोरात टाळ्या दिल्या. ज्योत्स्ना उठली. संभाजीरावांनी स्टेजवरूनच हाताचा पंजा खाली दाबला: बसा. आणि ती बसली. पुढं भाषणं झाली, आभारही झाले. पाहुण्यांना सुप्याला एक लग्न गाठायचं होतं. पोरांच्या हातात वाचायला काही उरलं नव्हतं, त्यामुळं माइक वेळेत बंद झाला. लग्नातली साडी नेसून आलेली सारजा मंडपवाले मंडप सोडायला लागले तोवर तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं स्वरूपाला बोलावलं. "ये, मी सांगते शेवट. मी वाचलाय."

"नगं. मला माजं वाचायचं हाय. तुमी आणा."

ज्योत्स्ना संभाजीरावांकडं गेली, तर ते म्हणाले, "शिक्का न्हाय, कव्हर न्हाय. वाचनालयाचं हाय हे मला कसं कळावं, बाई? चूक तुमची. आन दिलेला सत्कार मागं घेत्यात व्हय?"

मग ती बारामतीला अप्पासाहेबांच्या बंगल्यावर गेली. साहेब बाहेर होते. त्यांच्या पत्नी, माधवीताई, अगत्याच्या. बोलणं पुरतं व्हायच्या आत त्यांनी हौसेनं काचेचं कपाट दाखवलं. ढाली, सन्मानचिन्हं, चांदीचा नांगर आणि त्यांच्या मधोमध लाल फितीसकट दीपगृह.

"बघा, कागदसुद्धा काढला नाही. इतकं जपतो आम्ही."

"ताई, एका मुलीचं शेवटचं प्रकरण राहिलंय. वाचून झालं की आणून देते."

"अहो, साहेबांचा मान आहे तो. मान कुणी उसना नेतं का?" माधवीताई हसल्या. पण बाई उन्हाची आली, रिकाम्या हातानं कशी पाठवायची? आतल्या, सत्कारात आलेल्या शालींच्या ढिगातून त्यांनी एक काढून तिच्या पिशवीत कोंबली.

ज्योत्स्ना गावात उतरली, तर स्वरूपा एसटीच्या थांब्यावर बसलेली. तिनं सरळ पिशवीत हात घातला. हाताला शाल लागली. ती तिनं नीट घडी घालून परत ठेवली आणि म्हशींकडं निघून गेली.

यंदा मार्चपासूनच संभाजीरावांचा तगादा: "बाई, शिबिराचं बघा. औंदा पुस्तकं जादा मागवा, पाव्हणे वाढल्यात."

ज्योत्स्नानं मागवली. आणि आली त्या दिवशीच दार लावून प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं, चित्राच्या पानावर, बरोबर चित्राच्या तोंडावर, शिक्का हाणला. पोरं आली, फळीवरचा मातकट रंग बघून म्हणाली, "जुनीच हायत," आणि बरीचशी चिंचेखाली परत गेली.

स्वरूपा मात्र थांबली. एक पुस्तक उचललं, उलटं केलं आणि उभ्या उभ्याच शेवटची पानं वाचायला लागली.

"अगं, शेवटापासून काय वाचतेस?" ज्योत्स्ना म्हणाली.

"पयला शेवट वाचून घेती, बाई," मान वर न करता पोरगी म्हणाली. "तुमचा काय भरवसा न्हाय."