न धुतलेलं काहीतरी

बाबा गेल्यावर दहाव्या दिवशी मी त्यांच्या खोलीतलं सगळं धुऊन काढलं. सुतक फिटताना घर धुवायचं असतं, अंथरुणं-पांघरुणं काढायची असतात, हे काही मला कुणी शिकवायला नको होतं. पण मी जरा जास्तच धुतलं. चादरी, पडदे, सदरे, लेंगे, टॉवेल, माकडटोपी, खुंटीवरची कापडी पिशवी, इतकंच काय, रेडिओवरचं कापडसुद्धा. गादी आणि उशी त्याआधीच देऊन टाकली होती. लालबागच्या त्या चाळीत पाच मिनिटं नळ अडवला तरी आवाज चढतात. त्या दिवशी मी सकाळभर मोरी अडवून बसलो होतो आणि कुणी चकार शब्द काढला नाही. मला रडू येत नव्हतं. हात मात्र चालत होते, म्हणून धूत राहिलो.

बाबांचा कुत्रा खाटेखालून हे सगळं बघत होता. मी खाटसुद्धा पुसून काढली, तेव्हा तो उठून गॅलरीत गेला.

हा कुत्रा गावठीच, तपकिरी, एक कान मोडलेला. आई गेली त्या वर्षी बाबांनी तो गल्लीतून उचलून आणला, त्याला अकरा वर्षं झाली. बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर हिंदमाताला कापडाच्या दुकानात उभे राहिले, आणि गुडघे बोलायला लागल्यावर घरी बसले. मी आणि माझी बायको प्रभादेवीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिथे कुत्रा चालत नाही, मालकाने करारातच लिहिलंय. बाबांना मी चारपाच वर्षं सांगत होतो, आमच्याकडे चला. ते दर वेळी खाटेखाली बोट दाखवायचे. "मी येतंय रे, पण ह्याका खय ठेवू?"

ते त्याला झिला म्हणायचे. आमच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा. मला त्यांनी झिला म्हणून शेवटची हाक कधी मारली, मला आठवत नाही. सरळच सांगतो, मला त्या कुत्र्याचा राग होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने कुत्र्यावर जळावं हे शोभत नाही, पण मी जळायचो.

ते गेले दुपारी, चहा पिता पिता. कुत्रा भुंकायचा थांबेना म्हणून शेजारच्या काकू डोकावल्या, तेव्हा कळलं. माझी धाकटी बहीण गुवाहाटीला असते. ती मिळेल त्या विमानाने निघाली, पण मध्ये विमान बदलायचं होतं आणि पुढचं चुकलं. चाळीतली मोठी माणसं म्हणाली, किती वेळ ठेवणार, उरकून घे. मी उरकून घेतलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली तेव्हा खाट रिकामी होती. ती माझ्याशी भांडली नाही. तिचा मुलगा तापाने फणफणला होता, म्हणून चौथ्या दिवशी परत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाबांचं काहीतरी ठेव हं माझ्यासाठी." मी त्यांचा निळा सदरा धुऊन, कडक इस्त्री करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिला कुरिअर केला. मला वाटलं, किती नीट केलं मी.

मग कुत्र्याचा प्रश्न आला. चाळ बिल्डरकडे गेली होती आणि महिन्याभरात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. इतके दिवस त्याला जेवू घालणाऱ्या काकू मुलीकडे डोंबिवलीला निघाल्या होत्या. म्हणजे खोलीला कुलूप लागलं की कुत्रा रस्त्यावर. बायको म्हणाली, फ्लॅट बदलू. पण महिन्याभरात कुत्रा चालणारं घर कुठे मिळतंय? शेवटी बहीणच फोनवर म्हणाली, "माझ्याकडे पाठव. इथे अंगण आहे." गाडीने अडीच दिवस लागतात, आणि अकरा वर्षांच्या कुत्र्याला तेवढे हाल सोसणारे नव्हते. म्हणून विमान.

परळच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, लशीचं कार्ड बघितलं आणि स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ छातीवर ठेवला. "हृदय थोडं मोठं झालंय," ते म्हणाले. "जाऊ शकेल, पण पिंजऱ्यात शांत बसला तर. चारपाच तास आत घाबरून धडका मारत राहिला, तर मी खात्री देणार नाही. आणि झोपेचं औषध द्यायचं नाही. वर विमानात त्याने श्वास मंदावतो."

मी पिंजरा आणला. तो आत उभा राहील, वळेल एवढा मोठा. दार उघडं ठेवायचं, आत खाऊ टाकायचा, आधी त्याला आपणहून जाऊ द्यायचं, हे सगळं मी डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. पहिल्या दिवशी तो आत गेला, बिस्कीट घेतलं आणि बाहेर आला. चौथ्या दिवशी मी दार लावलं. त्याने आतून इतकं ओरबाडलं की नखातून रक्त आलं. मी दार उघडलं तर तो धापा टाकत खाटेखाली जाऊन पडला. जीभ काळी-निळी पडली होती. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली, म्हणजे त्याच्यासाठी वाटली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मालकाचा अंगावरचा कपडा ठेवलात का आत? वापरलेला, न धुतलेला. त्या वासाने बसतात."

मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. सगळे सदरे घडीत होते. मी एक काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्याने हुंगला आणि तोंड फिरवलं. त्याला धुण्याच्या पावडरीतल्या लिंबाचा वास येत होता, मलाही तोच आला. मग मी एकेक गोष्ट उचकायला लागलो. टोपी, टॉवेल, पिशवी. चष्म्याचं घर. छत्री. चपला देऊन झाल्या होत्या. ट्रंकेत आईच्या साड्या होत्या, त्यांना डांबरगोळ्यांचा वास. मी तासभर गुडघ्यांवर रांगत त्या दहा बाय बाराच्या खोलीत माझ्या बापाचा वास शोधत होतो आणि तो कुठेही नव्हता. मीच घालवला होता. घामाचा, बामचा, तंबाखूचा, सगळा मोरीतून वाहून गेला होता.

काकू दारात उभ्या होत्या. मी काय शोधतोय ते त्यांना सांगितलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि दारामागच्या खिळ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तो पट्टो? तोय धुतलंस?"

तो मी धुतला नव्हता. तो कुत्र्याचा होता, बाबांचा नाही, म्हणून माझ्या हिशेबात तो आलाच नव्हता. जाड सुती पट्टा. एका टोकाला गळपट्ट्याला अडकवायचा आकडा आणि दुसऱ्या टोकाला हातात धरायची मूठ, कापड दुमडून शिवलेली. ती मूठ काळी, गुळगुळीत झाली होती. अकरा वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ, बाबांचा उजवा हात.

मी ती नाकाशी नेली, आणि मला जे तोवर झालं नव्हतं ते झालं. मी काकूंच्या समोर लहान पोरासारखा रडलो. तंबाखू होती, बाम होता, आणि त्याच्याखाली एक आंबूस, गरम असा त्यांचा वास होता. लहानपणी ते गिरणीतून आले की मी त्यांच्या बगलेत शिरायचो, तो. ते त्या क्षणी खोलीत होते असं मला वाटलं. काकूंनी नळावरून तांब्या भरून आणला आणि माझ्याजवळ ठेवला.

पिंजऱ्यात पट्टा ठेवायचा नसतो, कुत्र्याच्या गळ्याभोवती गुरफटतो. म्हणून फक्त मूठ कापायची ठरली. काकूंनी शिवणाची कात्री दिली. माझ्या मनात आलं, अर्धीच कापू. अर्धी त्याला, अर्धी मला. विचार काही मोठा नव्हता, पण कात्री हातात घेऊन मी किती तरी वेळ तसाच बसलो. तेवढ्यात तो खाटेखालून बाहेर आला, मूठ हुंगली आणि माझ्या मांडीवर डोकं टेकवून तिथेच बसला. तो माझ्या मांडीवर कधीही बसला नव्हता. मी अख्खी मूठ कापली. काकूंनी ती एका जुन्या गोधडीच्या कोपऱ्याला पक्के टाके घालून शिवली आणि गोधडी आम्ही पिंजऱ्यात अंथरली. संध्याकाळी तो आपणहून आत गेला, मुठीवर नाक ठेवलं आणि झोपला. मी दार लावलं. त्याने एक डोळा उघडून बघितलं, बस्स.

पुढचे दोन आठवडे मी ऑफिसातून थेट लालबागला यायचो. आज अर्धा तास, उद्या तास, मग तीन तास, असं वाढवत नेलं. मी पिंजऱ्याशेजारी पेपर वाचत बसायचो. गॅलरीतली निम्मी बिऱ्हाडं गेली होती, दारांना कुलपं होती. बाबा असताना मी त्या खोलीत एवढा वेळ कधी बसलो नव्हतो. रविवारी येऊन घड्याळ बघायचो आणि निघायचो. त्या कुत्र्याला जे माहीत होतं, ते मला माहीत नव्हतं. बाबा सकाळी कुठल्या वळणापर्यंत जायचे, कुठे थांबून दम खायचे, सगळं त्याच्या पायांत होतं. मी पट्ट्याला गाठ मारून त्याला फिरायला न्यायचो, तर तो मला ओढत भारतमातेच्या नाक्याजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीशी न्यायचा आणि थांबायचा. तिथे बाबा बसत असणार.

निघायच्या दिवशी सकाळी त्याला थोडंच खायला द्यायचं होतं. काकूंनी तरीही त्याच्या जिभेला दह्याचं बोट लावलं. "प्रवासाक जाता तो," त्या म्हणाल्या. मी हटकलं नाही.

विमानतळाच्या माल-विभागात वजन झालं, कागद तपासले, पिंजऱ्यावर जिवंत प्राणी असल्याची हिरवी चिठ्ठी चिकटवली, दाराला पाण्याची वाटी अडकवली. तपासणीसाठी पिंजरा रिकामा करून यंत्रातून न्यायचा होता, म्हणून त्याला बाहेर काढलं. तिथल्या माणसाने गोधडी झटकली, तेव्हा मी तिचा कोपरा चाचपून बघितला. टाके पक्के होते. पिंजरा परत आला. आता त्याला आत घालायचं होतं, आणि ढोल वाजवावा तसा सामानाचा आवाज सगळीकडे चालू होता. तो पाय रोवून उभा राहिला. मी वाकलो आणि माझ्या तोंडून निघालं, "चल रे झिला."

त्याचे कान ताठ झाले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे बघितलं, दाराकडे, मग पुन्हा माझ्या मागे. शेपूट दोनदा हलली. मग हळूहळू खाली गेली आणि तो वळून पिंजऱ्यात शिरला. मी दार लावलं. मला त्याची माफी मागायची होती, पण तिथे सगळे घाईत होते.

मी घरी न जाता चाळीतच आलो. खोलीत खाट आणि रेडिओ उरला होता. दुपारभर फोन हातात धरून बसलो. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. पोचला, पाणी प्यायला, अंगणात एक चक्कर मारून परत त्याच गोधडीवर जाऊन बसला, नखं शाबूत आहेत. मी म्हणालो, बरं झालं.

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन कटला. मग तिचा आवाज आला, फार बारीक. "दादा, ह्या गोधडीला काय शिवलंय? ह्याला बाबांचा..." तिला पुढे बोलता येईना. ती तशीच रडत राहिली. मोठेपणी मी तिचं रडणं कधी ऐकलं नव्हतं, खाटेजवळ उभी होती तेव्हासुद्धा नाही.

"त्यांच्या हातातली पट्ट्याची मूठ आहे," मी म्हणालो. "तेवढी धुऊ नकोस गं."

"मी कशाला धुईन?" ती म्हणाली. "तूच धुतलंस सगळं."

ती रागाने म्हणाली नव्हती. मी "हो" म्हणालो.